ताप, कमी प्लेटलेट आणि सुजलेला डोळा: पिंपरीच्या एका मुलीच्या एएमएलचे प्रकरण

सई (नाव बदलले आहे) नऊ वर्षांची. वडील भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतात, आई घरी शिवणकाम करते. घरात एक धाकटा भाऊ आणि आजोबा. आजोबा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून, म्हणजे तिथे सगळे म्हणतात तसे ‘एचए’तून, निवृत्त झालेले. तिच्यावर उपचार करणारी डॉक्टर म्हणून, ओळख पटेल असे तपशील बदलून, हे प्रकरण लिहिते आहे. यातल्या निर्णयांमागची कारणे मात्र सविस्तर मांडायची आहेत, कारण एएमएलमध्ये, म्हणजे अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, मूल वाचते की नाही हे फक्त केमोच्या बाटलीत ठरत नाही. दोन बाटल्यांच्या मधल्या आठवड्यांत ते जास्त ठरते.

ऑगस्टमध्ये पाच दिवस ताप, हिरड्यांतून रक्त, पायांवर लालसर ठिपके. डावा डोळा त्याआधी तीन आठवड्यांपासून थोडा पुढे आल्यासारखा दिसत होता. तो जंतुसंसर्ग समजून थेंब चालू होते. पावसाळ्यात पुण्यात ताप आणि कमी प्लेटलेट म्हटले की डेंग्यूच समोर येतो, आणि बहुतेक वेळा तो असतोही. इथे घराजवळच्या बालरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. प्लेटलेट १८ हजार, पण हिमोग्लोबिन ६.२ आणि पांढऱ्या पेशी ३४ हजार. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा घटतात, आणि रक्तातला द्रव झिरपून बाहेर गेल्यामुळे हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, हिमोग्लोबिनसोबत वर-खाली होणारे) वाढते. सईचे दोन्ही आकडे उलट दिशेला होते. त्यांनी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) स्वतः पाहायला मागवला, त्यात ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या अपक्व पेशी, दिसले, आणि स्टिरॉइडचा एकही डोस न देता त्यांनी तिला त्याच संध्याकाळी आमच्याकडे पाठवले. स्टिरॉइड न देणे फार महत्त्वाचे होते. ल्युकेमिया लिम्फॉइड या दुसऱ्या प्रकारचा निघाला असता तर एकदोन डोसांनीही चित्र पुसट झाले असते आणि निदान लांबले असते.

डोळ्याचे कारण बोनमॅरोने सांगितले. मॅरोत ५२ टक्के ब्लास्ट होते आणि त्यांत सडपातळ, लांब ऑअर रॉड (मायलॉइड पेशींत दिसणाऱ्या काड्या) होते. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींची ओळखचिन्हे तपासणाऱ्या चाचणीत, सीडी३४, सीडी११७, सीडी१३, सीडी३३ आणि मायलोपेरॉक्सिडेज पॉझिटिव्ह आले, म्हणजे अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया नक्की. शिवाय सीडी१९ही होते. हे खरे तर बी लिम्फोसाइटचे चिन्ह. मायलॉइड ब्लास्टवर ते दिसले की ८ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांत अदलाबदल झाली असावी, अशी शंका घ्यायची. कॅरिओटाइपने, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीने, ती खरी ठरवली. रनएक्स१ आणि रनएक्स१टी१ ही जनुके एकमेकांना जोडली गेली होती. या प्रकारात ब्लास्टची गाठ हाडांजवळ, विशेषतः डोळ्याच्या खोबणीत, तयार होऊ शकते. भारतातल्या मुलांत हे चित्र ओळखीचे आहे. पाठीच्या पाण्यात ब्लास्ट नव्हते. फ्लट३ जनुकाची द्विरुक्ती (आजार परतण्याचा धोका वाढवणारा बदल) नव्हती. किट जनुकात मात्र बदल सापडला, त्याकडे पुढे येते.

घरच्यांना काय सांगितले

‘मुलांचा ब्लड कॅन्सर बरा होतो’ हे आजकाल बऱ्याच घरांत माहीत असते. ते मुख्यतः एएलएलबद्दल, म्हणजे लिम्फॉइड प्रकाराबद्दल, खरे आहे. लहान मुलांच्या दर चार ल्युकेमियांपैकी जवळजवळ तीन एएलएल असतात. त्याचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो, पण त्यातला बराचसा घरी राहून होतो. एएमएल पाचसहा महिन्यांत संपतो, मात्र ते महिने जवळजवळ सगळे वॉर्डात जातात. प्रत्येक कोर्सनंतर तीन ते चार आठवडे मुलाकडे संसर्गाशी लढणाऱ्या पेशी जवळपास नसतातच.

आकडेही सांगितले, कारण आईने थेट विचारले, “मॅडम, शंभरातली किती वाचतात?” ब्रिटनच्या एमआरसी एएमएल १२ या अभ्यासात १० वर्षांनी ६३ टक्के मुले हयात होती. अमेरिकेतल्या सेंट ज्यूडच्या एएमएल ०२ मध्ये ३ वर्षांनी ७१ टक्के. ८;२१ अदलाबदल असलेल्यांचे निकाल या सरासरीपेक्षा चांगले असतात. पण हे त्या देशांतले आकडे आहेत, हेही त्याच वाक्यात सांगितले. आपल्याकडे कमी मुले वाचतात. आजार जास्त चिवट असतो म्हणून हे होत नाही. काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) पडलेले असताना संसर्गाने काही मुले जातात आणि काही घरे उपचार अर्ध्यावर सोडतात. या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, असे मला मनापासून वाटते. त्या दिवशी आई-वडिलांना तेच समजावण्यात बराच वेळ घालवला.

आजोबा तोवर गप्प होते. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मी तीस वर्षं फिलिंगमध्ये काढलीत. हात धुणं मला शिकवू नका, मी बाकीच्यांना शिकवतो.” १९५४ मध्ये स्थापन झालेल्या त्या कारखान्यात पेनिसिलिनच्या कुप्या भरताना निर्जंतुक खोलीत कसे शिरायचे, काय घालायचे, कशाला हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेले होते. बुरशीवरचे हॅमायसिनही एचएतच शोधले गेले, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, आणि ते खरे आहे. पुढच्या सहा महिन्यांत या आजोबांनी आमच्या वॉर्डाला जे दिले ते मोजता येणार नाही.

पहिला कोर्स

पहिले तीन दिवस केमो दिली नाही. सलाईन, अ‍ॅलोप्युरिनॉल, रक्त, प्लेटलेट आणि अँटिबायोटिक देऊन ताप खाली आणला. हृदयाचा इको केला, दंडातून पीआयसीसी लाइन (मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) टाकली. गुदद्वाराचा स्वॅब कल्चरला पाठवला. ही तपासणी स्वस्त आहे आणि बहुतेक ठिकाणी राहून जाते. सईच्या स्वॅबमध्ये क्लेब्सिएला निघाला, कार्बापेनेम गटाच्या ताकदवान अँटिबायोटिक्सना न जुमानणारा, ती मोडणारे एनडीएम विकर (एन्झाइम) बनवणारा. तेव्हा तो आतड्यात नुसता राहत होता, त्रास काही नव्हता. पण काउंट पडल्यावर रक्तात उतरणारा जंतू बहुधा हाच असणार, हे आम्हाला केमोच्या आधीच कळले.

केमोत डॉनोरुबिसिन शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम, १, ३ आणि ५ व्या दिवशी. सायटाराबिन १०० मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, १० दिवस. कितीतरी ठिकाणी यात एटोपोसाइडही घालतात. मी ते वगळले. एमआरसीच्या एएमएल १० मध्ये एटोपोसाइडच्या जागी थायोग्वानिन दिले तरी निकाल जवळपास तेच आले. पुढे एएमएल १५ मध्ये एटोपोसाइडसह आणि त्याशिवाय अशी तुलना झाली, तेव्हाही फरक दिसला नाही. ज्या मुलीच्या आतड्यात असा जंतू बसलाय, तिच्या आतड्याचे अस्तर आणखी एका औषधाने सोलायचे कशासाठी? शिवाय एटोपोसाइडमुळे पुढे कधीतरी दुसरा ल्युकेमिया होण्याचा धोका असतो, तोही टळतो.

सायटाराबिन हे अमेरिकेत १९६९ मध्ये मान्यता मिळालेले औषध. आज ते आपल्याकडे जेनेरिक मिळते, डॉनोरुबिसिनही मिळते. या आजाराचा कणा असलेली दोन्ही औषधे जुनी आणि तुलनेने स्वस्त आहेत. पैसा खर्च होतो तो बाकी सगळ्यावर.

डोळ्याची सूज आठव्या दिवसापर्यंत अर्ध्याहून कमी झाली. घरच्यांना पहिल्यांदा हायसे वाटले ते तेव्हा. काउंट मात्र खाली जात होते आणि मला त्यांची धास्ती होती.

बाराव्या दिवसापासून

बाराव्या दिवशी पहाटे थंडी वाजून १०२ ताप. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) फक्त ४०. आईला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते की १००.४ दिसले की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, बेल मारायची. तिने बेल मारली. रक्ताचे कल्चर घेतले आणि तासाच्या आत पहिला डोस गेला.

कोणता डोस द्यायचा, हे स्वॅबने आधीच ठरवून ठेवले होते. एरवी आपण पिपरासिलिन-टॅझोबॅक्टॅमने सुरुवात करतो, मग मेरोपेनेम, मग कोलिस्टिन, अशी एकेक पायरी चढत जातो. कार्बापेनेम न जुमानणाऱ्या जंतूपुढे या पायऱ्या चढण्यात जे ४८ तास जातात त्यांतच मूल जाते. सईला थेट सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टॅम आणि अ‍ॅझट्रिओनाम एकत्र दिले. एनडीएम विकर अ‍ॅझट्रिओनाम मोडू शकत नाही. पण अशा जंतूकडे सहसा दुसरी विकरे असतात आणि ती मोडतात. त्यांना अ‍ॅविबॅक्टॅम अडवते. दोन्ही औषधे मिळूनच काम करतात.

तरी दुपारपर्यंत रक्तदाब घसरला. पीआयसीयू (मुलांचा अतिदक्षता विभाग), नॉरअ‍ॅड्रेनलिन, नाकाने ऑक्सिजन. पोटात उजवीकडे खाली दुखू लागले. सोनोग्राफीत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची भिंत जाड दिसली. टिफ्लायटिस, म्हणजे काउंट पडलेले असताना आतड्याच्या त्या भागाला येणारी सूज. सर्जनना बोलावले आणि त्यांच्याशी बोलून ठरवले की पोट उघडायचे नाही, आतड्याला विश्रांती द्यायची, पोषण शिरेतून द्यायचे. चोविसाव्या तासाला कल्चरमध्ये क्लेब्सिएला आला, तोच. चौथ्या दिवशी रक्तदाबाचे औषध बंद करता आले.

या सगळ्या काळात प्लेटलेट १० हजारांच्या वर ठेवायच्या, आणि आतड्याला सूज असताना त्याहून वर. प्लेटलेटची पिशवी पाचच दिवस टिकते, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. पिशवी हवी म्हणजे त्या दिवशी माणूस हवा. एका दात्याकडून मशीनवर प्लेटलेट घ्यायला तास-दीड तास लागतो. गणपती बसले होते. वडिलांच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी बी पॉझिटिव्ह मुलांची यादी करून वहिनींकडे, म्हणजे सईच्या आईकडे, दिली. रात्री आरती झाल्यावर दोघे-तिघे रक्तपेढीत जाऊन बसायचे. आम्ही एक गोष्ट त्यांना आग्रहाने सांगितली होती: आई, वडील, भाऊ, सख्खे नातेवाईक यांनी द्यायचे नाही. उद्या बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायची वेळ आली आणि भाऊ दाता ठरला, तर त्याच्या घरातल्या रक्ताने मुलीच्या शरीरात आधीच विरोध तयार झालेला नको. पिशव्याही इरॅडिएट करूनच, म्हणजे किरणांनी दात्याच्या लढाऊ पेशी निकामी करूनच, द्यायच्या. लोकांना हे विचित्र वाटते. ‘स्वतःच्या बापाचं रक्त का चालत नाही?’ असे एका काकांनी रागाने विचारले. प्रत्येक वेळी कारण नीट सांगावे लागते, आणि सांगितले की ऐकतात.

आजोबा वॉर्डाच्या दारात खुर्ची टाकून बसत. भेटायला आलेल्यांना, अगदी मंडळाच्या अध्यक्षांनाही, ते आत सोडत नसत. प्रसादाचे मोदक बाहेरच ठेवून घेत. डबा घरून यायचा तो कुकरमध्ये शिजवलेला, गरम असतानाच बंद केलेला. कोशिंबीर नाही, सोललेली फळे नाहीत, बाहेरचे पाणी नाही. एक्स-रेसाठी न्यायचे तर तोंडाला एन९५ मास्क, कारण शहरभर बांधकामे चालू आहेत आणि त्या धुळीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे कण असतात. त्यासाठी व्होरिकोनॅझोल आधीपासून चालू होतेच.

एकोणतिसाव्या दिवशी न्यूट्रोफिल हजारावर आले. मॅरोत ब्लास्ट ५ टक्क्यांहून कमी होते, आणि फ्लोने मोजलेला उरलेला आजार ०.१ टक्क्याच्या खाली. रेमिशन, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा होणे.

दुसरा कोर्स त्याच औषधांचा, सायटाराबिन आठ दिवस. तो सुरळीत गेला. दोनदा ताप आला, दोन्ही वेळा साध्या औषधांनी उतरला.

“रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग अजून कशाला?”

दिवाळीच्या सुमारास वडील एकटे भेटायला आले. कंपनीत रजा संपल्या होत्या, पगार कापला जात होता, हॉस्पिटलजवळ भाड्याने घेतलेली खोली परवडत नव्हती. गावाकडच्या मामांनी एका वैद्यांचा पत्ता दिला होता. रिपोर्टवर ‘रेमिशन’ लिहिलेले होते. मग पोरीला आणखी त्रास कशाला द्यायचा? हा प्रश्न प्रेमातूनच येतो. या टप्प्यावर बरीच कुटुंबे निघून जातात, आणि गेलेल्यांपैकी बहुतेकांचा आजार काही महिन्यांत परततो.

निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात साधारण एक लाख कोटी ल्युकेमियाच्या पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसतो तेव्हाही शंभर कोटींपर्यंत उरलेल्या असू शकतात, फक्त त्या दिसत नाहीत. हे आकडे मी सांगत होते आणि वडील मान हलवत होते, पण पटलेले दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी आजोबांनी ते आपल्या भाषेत सांगितले: “अरे, आमच्याकडं हजार बाटल्या डोळ्याला स्वच्छ दिसायच्या. स्टेरिलिटी टेस्टला एकीत वाढ दिसली तर अख्खी बॅच जायची. दिसणं वेगळं, असणं वेगळं.” वडील थांबले.

नुसते पटून भागत नव्हते, पैसे लागत होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसत होती. त्या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. पीआयसीयूतली ती महागडी अँटिबायोटिक्स आणि जनुकीय तपासण्या पॅकेजच्या बाहेर पडल्या. आमच्या समाजसेविकेने धर्मादाय खाटेचा अर्ज भरला. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्याच लागतात, आणि हे हक्काने मागायचे असते. खोलीचे भाडे एका दात्याने दिले. माझ्या मते ते भाडे हा उपचाराचाच भाग आहे. काउंट पडलेले मूल ताप आल्यावर अर्ध्या तासात पोचू शकेल अशा अंतरावरच राहिले पाहिजे. पिंपरीहून संध्याकाळच्या वाहतुकीत ते जमत नाही.

तिसरा आणि चौथा कोर्स

पुढचे दोन्ही कोर्स मोठ्या डोसच्या सायटाराबिनचे. ८;२१ अदलाबदलीच्या एएमएलला हे औषध विशेष मानवते. चौरस मीटरला ३ ग्रॅम, दर १२ तासांनी, १, ३ आणि ५ व्या दिवशी. एएमएल १५ मध्ये ३ आणि १.५ ग्रॅमच्या निकालांत ठळक फरक दिसला नव्हता. म्हणून चौथ्या कोर्सला, तोंडातले व्रण बघून, मी १.५ ग्रॅमवर आले. या डोसला डोळ्यांची आग होते, म्हणून स्टिरॉइडचे थेंब पहिल्या डोसच्या आधीपासून घालायचे आणि शेवटच्या डोसनंतरही काही दिवस चालू ठेवायचे. लहान मेंदूवर परिणाम होऊ शकतो, म्हणून प्रत्येक डोसआधी नर्स तिला बोट नाकाला लावायला आणि स्वतःचे नाव लिहायला सांगायची. अक्षर वाकडे आले की डोस थांबवायचा. सईचे आले नाही. तिसऱ्या कोर्सनंतर तोंडातल्या व्रणांतून व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकस हा जंतू रक्तात गेला. मोठ्या सायटाराबिननंतर हा ठरलेला पाहुणा, म्हणून व्हॅन्कोमायसिन लगेच जोडले.

ट्रान्सप्लांटचा प्रश्न मधे आलाच. भावाचे एचएलए (ट्रान्सप्लांटसाठी जुळावी लागणारी पेशींवरची चिन्हे) पूर्ण जुळले, आणि भाऊ-बहिणीत असे जुळण्याची शक्यता चारातली एक असते. घरच्यांना वाटले, जुळलेच आहे तर करून टाकावे. मी नको म्हटले. ८;२१ अदलाबदलीसारख्या अनुकूल गटातल्या मुलीला पहिल्या रेमिशनमध्ये ट्रान्सप्लांट देऊन वाचण्याची शक्यता वाढत नाही. त्यातल्या मृत्यूचा आणि पुढच्या वंध्यत्वाचा धोका मात्र पदरात पडतो. किटमधल्या बदलामुळे मी विचारात होते. काही अभ्यासांत त्याने आजार परतण्याचे प्रमाण वाढलेले दिसते, काहींत दिसत नाही. पहिल्याच कोर्सनंतर उरलेला आजार मोजण्याच्या मर्यादेखाली गेला होता, त्याला मी जास्त वजन दिले. अमेरिकेत २०२० पासून मुलांच्या पहिल्या उपचारासाठीही मान्य असलेले जेमटुझुमॅब हे औषध या गटाला उपयोगी पडते. ते सईच्या घराच्या आवाक्यात नव्हते, म्हणून तो पर्याय सोडला.

आजची स्थिती

चौथा कोर्स संपून दोन वर्षे उलटून गेली. आजार परतणारच असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, म्हणून सध्या दर तीन महिन्यांनी रनएक्स१–रनएक्स१टी१ची मात्रा मोजतो. अगदी थोडी मात्रा वर्षानुवर्षे राहू शकते आणि त्याचा अर्थ आजार परतला असा होत नाही. ती दहापटीने चढली आणि पुन्हा तपासल्यावरही चढलेलीच राहिली, तर मॅरो करायचा. तशी वेळ आली तर फ्लुडाराबिन, सायटाराबिन आणि इडारुबिसिन देऊन पुन्हा रेमिशन आणायचे आणि मग भावाकडून ट्रान्सप्लांट, हे फाइलमध्ये लिहून ठेवले आहे.

लसी पुन्हा टोचून झाल्या. डोळा पूर्ण मागे गेला, दृष्टी चांगली आहे. ती शाळेत जाते आणि एक वर्ष मागे पडल्याचा तिला अजून राग आहे. डॉनोरुबिसिनचा एकूण डोस चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅम झाला. हृदयावरचा परिणाम दहा-पंधरा वर्षांनीही दिसू शकतो, त्यामुळे इको आयुष्यभर ठरावीक अंतराने करावा लागेल आणि पुढे कधी गरोदरपण आले तर त्या वेळी नक्की करावा लागेल. हा आकडा, औषधांची नावे आणि तारखा एका पानावर छापून आईकडे दिल्या आहेत. त्याच्या दोन लॅमिनेट केलेल्या प्रती आजोबांनी करून घेतल्या, एक शाळेच्या दप्तरात आणि एक गावाकडच्या घरी ठेवण्यासाठी.